मृगापासून मृगापर्यंत : सिझेरियनच्या वणाचं एक वर्ष

समजा, पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातल्या एका घरात मृग निघायच्या आठवड्यात बाळ जन्माला आलं. जूनचे पहिले दिवस, खाचरांच्या कडेला भाताची रोपं टाकायची घाई आणि घरात नवा जीव. बाळंतपण सिझरनं झालं. चार-पाच दिवसांनी मायलेकरं घरी आली. येणारी-जाणारी माणसं बाळाचं वजन विचारतात, दूध पुरतं का ते विचारतात आणि आईला एकच प्रश्न विचारतात : ‘टाके काढले का?’ काढले म्हटलं की सगळ्यांना हायसं वाटतं आणि विषय संपतो.

शरीराचं काम मात्र तेव्हा कुठं रंगात आलेलं असतं. टाके म्हणजे कातडीच्या दोन कडा जवळ धरून ठेवणारा दोरा. त्या कडा एकमेकींना कायमच्या धरतात त्या शरीरानं विणलेल्या नव्या तंतूंनी. ते तंतू विणायचं, चुकीचे उसवायचं आणि पुन्हा नीट लावायचं काम वर्षभर चालतं, काही जणींच्या बाबतीत दीड वर्षही. आपल्या रीतीनं बाळंतिणीला सव्वा महिना दिला, पण वणाला वर्ष लागतं. टाके पिकणं, वण जाड होणं, खाज, ओढ, पुढच्या बाळंतपणातली अडचण, हे त्रास बहुतेकदा या दोन मुदतींच्या मधल्या काळात मूळ धरतात आणि त्यांतले बरेचसे टाळता येतात.

हा विषय आता थोड्या बायकांचा राहिलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर शंभर बाळंतपणांमागे २५.४ बाळंतपणं सिझेरियननं झाल्याचं दिसलं. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६च्या सर्वेक्षणात हा आकडा २०.१ होता. म्हणजे राज्यातल्या दर चार बाळंतपणांपैकी एकानंतर आईच्या पोटावर ही रेघ राहते. हिंजवडीच्या संगणक कंपनीत काम करणारी असो की ताम्हिणीकडच्या वाडीत भात लावणारी, वण दोघींचा सारखाच भरतो. तो भरायला मिळणारी उसंत मात्र दोघींना सारखी मिळत नाही.

छेद आडवा का झाला

पुष्कळ घरांत सासूच्या पोटावर नाभीखालून सरळ उतरणारा उभा वण असतो आणि सुनेच्या ओटीपोटावर, केसांच्या रेषेजवळ, आडवा. या फरकामागं मोठा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सिझेरियनमध्ये गर्भाशय कापत, पण शिवत मात्र नसत. ते आपोआप आकसून मिटेल अशी समजूत होती. बहुतेक बायका रक्तस्रावानं किंवा जंतुसंसर्गानं दगावत. १८७६ साली इटलीतल्या एदुआर्दो पोरो यांनी रक्तस्राव थांबवायला गर्भाशयच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. बाई वाचली, पण पुन्हा आई होण्याची वाट बंद झाली. १८८२ मध्ये जर्मनीतल्या माक्स सेंगर यांनी गर्भाशय काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत मांडली आणि तिथून हे ऑपरेशन आई वाचवणारं झालं. पुढं १९०० मध्ये हेरमान फानेनश्टील या जर्मन डॉक्टरांनी ओटीपोटावरच्या आडव्या छेदाचं वर्णन केलं. तोच छेद, थोड्याफार फरकानं, आज जगभर वापरतात.

आडव्या छेदाचा वण बारीक राहतो, त्याचं कारण कातडीच्या ताणात आहे. व्हिएन्नातले शरीररचनातज्ज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये मृतदेहांच्या कातडीला गोल टोच्यानं भोकं पाडून पाहिली. भोकं गोल राहिली नाहीत, लांबट झाली आणि ठरावीक दिशेनंच ताणली गेली. म्हणजे कातडीवर सगळीकडून सारखा ताण नसतो, कापडासारखा तिलाही उभा-आडवा धागा असतो. ओटीपोटावर ही दिशा आडवी जाते. धाग्याच्या दिशेनं दिलेल्या छेदाच्या कडा फारशा ओढल्या जात नाहीत आणि वण रेघेसारखा राहतो. उभ्या छेदाच्या कडा हरघडी दोन्ही बाजूंना ओढल्या जातात, म्हणून तो वण पुष्कळदा रुंद होतो. ताण हा वणाचा पहिला वैरी आहे. एवढं एक लक्षात राहिलं तर पुढच्या काळजीचं निम्मं मर्म हाती आलं.

आत काय चाललेलं असतं

बाहेरून दिसते ती एक रेघ, पण तिच्याखाली बरेच थर शिवलेले असतात. वर कातडी, तिच्याखाली चरबी, मग स्नायूंवरचं चिवट पांढरं आवरण. पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध विलग करून बाजूला सारतात. त्याखाली पोटाच्या पोकळीचं पातळ अस्तर आणि सगळ्यात आत गर्भाशय. कातडी पंधरा दिवसांत मिटलेली दिसली तरी आतलं आवरण आणि गर्भाशय आपापल्या गतीनं भरत असतात.

मुळशीतल्या माणसाला हे भरणं समजायला खाचराचा बांध पुरेसा आहे. पावसात बांध फुटला की शेतकरी आधी हाताला येईल ती माती, पाला, दगड टाकून पाणी अडवतो. शरीरही पहिले काही दिवस तेच करतं. रक्त गोठवतं, जंतूंशी लढणाऱ्या पेशी धाडतं. त्यामुळं जखमेभोवती थोडी लाली, थोडी सूज येते आणि ती येणारच. मग तीन-चार आठवडे कोलॅजेन नावाचे तंतू घाईघाईनं टाकले जातात. हा बांध तात्पुरता असतो, तंतू कसेही पडलेले, वण लालसर, कडक, थोडा उंच. नंतर महिनोन्‌महिने शरीर कच्चे तंतू काढून तिथं पक्के घालतं आणि ताणाच्या दिशेनं रचतं. तेव्हा कुठं वण मऊ, सपाट आणि फिका होत जातो.

या बांधाची ताकद किती, हेही मोजलेलं आहे. पहिल्या आठवड्याच्या शेवटी जखमेत मूळ कातडीच्या सुमारे तीन टक्के बळ असतं. तीन आठवड्यांनी ते सुमारे तीस टक्क्यांवर जातं आणि तीन महिन्यांनी ऐंशीच्या आसपास पोचतं. पूर्ण शंभर ते कधीच होत नाही. एकविसाव्या दिवशी बाईला बरं वाटत असतं, चेहरा टवटवीत दिसतो, पण पोटावरची शिवण तेव्हा जेमतेम तिसरा हिस्सा धरलेली असते.

पहिले पंधरा दिवस : कोरडं ठेवणं

आता जूनमधल्या त्या घरात परत जाऊ. बाहेर संततधार, भिंतींना ओल, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. घाटमाथ्याच्या या पट्ट्यात नवी जखम सांभाळायची तर ओलीशी झगडावंच लागतं.

पट्टी कधी काढायची आणि अंघोळ कधी करायची, ते ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांनी सांगितलेलंच पाळावं, कारण पट्टीचे आणि टाक्यांचे प्रकार वेगवेगळे असतात. काही टाके आपोआप विरघळतात, काही काढावे लागतात. पाणी लावायची परवानगी मिळाली की रोज तांब्यानं कोमट पाणी हलकेच वरून सोडावं. जखमेवर साबण चोळू नये, घासू नये. मग स्वच्छ, मऊ सुती कापडानं टिपून घ्यावं. पुसायचं नाही, टिपायचं. ज्यांचं पोट वणावर घडी पडून लोंबतं, त्यांच्यासाठी ही घडीच धोक्याची जागा असते. तिथं घाम आणि ओल साचते, कातडी पांढरी पडते, बुरशी धरते. दिवसातून दोन-तीनदा आडवं पडून, घडी हातानं वर उचलून तिथं हवा लागू द्यावी आणि मध्ये कोरड्या सुती कापडाची घडी ठेवावी. पावसाळ्यात आतले कपडे आणि हे कापड इस्त्री फिरवून पूर्ण कोरडं केल्याशिवाय वापरू नये.

बुरशी दिसली की दुकानातून आणलेलं कुठलंही मलम लावायची सवय फार घातक आहे. त्यांतल्या अनेक मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज तेवढ्यापुरती थांबते, पण बुरशी पसरते आणि कातडी पातळ होते. हळद, चुना, राख, टाल्कम पावडर यांतलं काहीही ताज्या जखमेवर नको. स्वयंपाकघरातली हळद जेवणात उत्तम, पण ती निर्जंतुक नसते.

परकराची नाडी हा आपल्याकडचा एक खास मुद्दा. ती नेमकी कंबरेवर आवळून बसते आणि खाली सरकली की वणावर घासते. पहिले दोन महिने गाऊन घालावा. परकर घालायचाच असेल तर नाडीऐवजी रुंद पट्टी लावावी आणि ती वणाच्या बरीच वर, सैल बांधावी. नऊवारीचा ओचा खोचतानाही हेच पाहावं. खोकला, शिंक, हसू आलं की उशी पोटाशी हलकी धरावी. उठताना सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावं आणि हाताच्या आधारानं उठावं. बाळाला पाजताना त्याचा भार वणावर येत असेल तर त्याला काखेशी, बाजूला धरून पाजावं किंवा कुशीवर पडून पाजावं. दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी. पॅरासिटॅमॉलसारखी औषधं अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात. दुखणं सोसणारी बाई नीट चालत नाही, खोल श्वास घेत नाही, आणि त्यानं बरं होणं लांबतं.

यांतलं काही दिसलं तर मात्र वाट पाहू नये : १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, वणाभोवतीची लाली पसरत जाणं, तिथं गरम लागणं, पू, घाण वास किंवा सतत पाझर, कडा उघडणं, कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणारं दुखणं. तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, एकाच पोटरीला सूज आणि कळ, किंवा धाप लागणं, यांसाठी तर त्याच घटकेला गाडी बोलवावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. मधुमेह, रक्तक्षय किंवा जास्त वजन असलेल्या आईची जखम पिकण्याचा धोका अधिक असतो, तिच्याकडं घरच्यांनी दुप्पट लक्ष द्यावं.

एक हक्काची वाटही सांगायला हवी. सिझरनंतर घरी आलेल्या आईकडं आशाताई सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येणं अपेक्षित असतं. या भेटी बाळासाठी असल्या तरी त्या वेळी आईनं आपला वणही दाखवावा, संकोच करू नये. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि ये-जा मोफत आहे. टाके पिकले तर ‘पुन्हा खर्च होईल’ या भीतीनं घरी बसून राहू नये. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावं. तिथून गरजेप्रमाणे औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पुण्याचं ससून गाठता येतं.

बाळंतिणीची खोली : शेक, तेल, भात

आपल्या बाळंतिणीच्या खोलीत मोठं शहाणपण आहे. विश्रांती, ऊब, मालीश, पौष्टिक खाणं, पाहुण्यांपासून आडोसा, या सगळ्याची जखमेला गरजच असते. पण ही रीत घडली तेव्हा पोटावर टाके नव्हते. म्हणून तिच्यात थोडे बदल करायला हवेत.

पहिला बदल शेकाचा. सिझरमध्ये कातडीतल्या बारीक नसा कापल्या जातात. त्यामुळं वणाच्या वरखाली कित्येक महिने बधिरपणा राहतो. तिथं गरम किती लागतंय ते बाईला कळत नाही. शेगडीवर किंवा खाटेखालच्या निखाऱ्यावर शेक घेताना अशा बधिर कातडीवर फोड आले तरी तिला पत्ता लागत नाही. पाठ, कंबर, पाय शेकावेत, वण मात्र शेकापासून दूर ठेवावा. धुरी द्यायची तर बंद खोलीत धूर कोंडू नये. धुरानं खोकला येतो, खोकल्यानं टाके ताणले जातात आणि बाळाच्या छातीलाही तो चांगला नाही.

दुसरा बदल तेलाचा. मालीशवाल्या मावशींचा हात हात-पाय-पाठीवर फिरू द्यावा, पण पोटावर जोर नको आणि वण पूर्ण मिटेपर्यंत त्याला तेलाचा थेंबही नको. पोट बांधण्याचंही तसंच. रुंद, मऊ पट्ट्यानं चालताना आधार मिळतो, दुखणं थोडं कमी वाटतं. जुन्या लुगड्यानं करकचून आवळलं तर मात्र ओल कोंडते, घासतं आणि ओटीपोटावर भार येतो. पट्टा उठण्या-चालण्यापुरता असावा, निजताना सोडावा.

तिसरी गोष्ट खाण्याची. ‘भात खाल्ला तर टाक्यांना पू होतो’, ‘आंबट खाल्लं तर टाके पिकतात’ असं आजही अनेक घरांत सांगतात. आंबेमोहोर पिकवणाऱ्या या तालुक्यात बाळंतिणीनंच भातापासून दूर राहावं, हे मनाला लागतं आणि शास्त्रालाही धरून नाही. पू जंतूंमुळं होतो, भातामुळं होत नाही. आंबटाचं तर उलट आहे. कोलॅजेन विणायला शरीराला क जीवनसत्त्व लागतं आणि ते लिंबू, आवळा, पेरू यांतून मिळतं. सर्वांत जास्त गरज प्रथिनांची : डाळी, उसळी, दूध, अंडी, चालत असेल तर मासे-मटण. हळिवाची खीर लोह देते, डिंकाचे लाडू उष्मांक देतात, बाजरीची भाकरी आणि पालेभाज्या बद्धकोष्ठ टाळतात. कुंथण्याचा ताणही वणावरच पडतो, म्हणून पाणी भरपूर प्यावं. बाळंतिणीला पाणी तोडण्याची रीत जिथं असेल तिथं ती सोडून द्यावी.

सव्वा महिना संपतो, आवणी सुरू होते

मृगाला जन्मलेल्या बाळाचा सव्वा महिना जुलैच्या मध्यावर भरतो. तेव्हा मुळशीची खाचरं पाण्यानं भरलेली असतात, चिखलणी झालेली असते आणि आवणीला माणूस मिळत नसतो. रीत पूर्ण झाली, बाई ‘मोकळी’ झाली. डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद, पाय घोटाभर चिखलात आणि कंबरेत वाकून दिवसभर रोपं लावणं, हे काम तिची वाट पाहत असतं.

नेमक्या या वेळी वणाला तिच्या घरच्यांची सर्वांत जास्त गरज असते. सहा आठवड्यांनी कातडी मिटलेली असते, पण आतलं आवरण अजून पुरतं बळकट नसतं. सतत वाकणं, हंडा-कळशी उचलणं, वैरणीचा भारा डोक्यावर घेणं, या प्रत्येक कामात पोटातला दाब वाढतो आणि शिवण ओढली जाते. ताण पडत राहिलेला वण रुंद आणि जाड होतो, आणि आतलं आवरण सैल पडलं तर तिथून हर्निया डोकावतो. चिखलाच्या गढूळ पाण्यात भिजलेलं लुगडं दिवसभर वणाला चिकटून राहणं हा आणखी वेगळा धोका.

पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, हा साधा नियम. त्यानंतर डॉक्टरांना दाखवून हलकी कामं हळूहळू वाढवावीत. जड ओझी आणि दिवसभराची आवणी तीन महिन्यांच्या आत नको. कंपनीत नोकरी करणाऱ्या आईला मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. शेतात राबणाऱ्या आईला अशी रजा देणारा कोणी मालक नाही, तिची रजा घरानंच मंजूर करायची असते. आवणीला पूर्वीपासून शेजारी एकमेकांच्या खाचरांत उतरत आले आहेत. त्या हिशेबात एका बाळंतिणीचा एक हंगाम माफ करणं गावाला जड जाऊ नये.

चालणं मात्र पहिल्या दिवसापासून हवंच. घरातल्या घरात थोडं थोडं चालल्यानं पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो, पोट साफ राहतं. पोटाचे खोल स्नायू हळुवार आत ओढण्याचा व्यायाम आणि श्वासाचे व्यायाम डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टनी दाखवल्याप्रमाणे सुरू करता येतात. उठाबशा आणि पोट दाबणारे व्यायाम नंतर.

हात, सिलिकॉन आणि धीर

वण पूर्ण मिटला, खपल्या गेल्या, कुठंही पाझर नाही आणि डॉक्टरांनी होकार दिला, की साधारण सहा आठवड्यांनंतर वणाची मालीश सुरू करावी. पुष्कळ बायका आपल्या वणाला हात लावायला घाबरतात, काही जणी आरशातही पाहत नाहीत. सुरुवात तिथूनच करावी. आधी वणाच्या आजूबाजूला स्वच्छ हातानं, मग मऊ सुती कापडानं नुसतं फिरवावं. बधिर किंवा अति हुळहुळी झालेली कातडी अशा स्पर्शानं हळूहळू सरावते. मग दोन बोटं वणावर ठेवून खालची कातडी हलेल इतका दाब द्यावा आणि गोल, वर-खाली, डावी-उजवी फिरवावी. काही आठवड्यांनी वण चिमटीत धरून हलका उचलून पाहावा. थोडं खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर पुरतं. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. वणाखालची कातडी आतल्या थराला चिकटून बसली की ओढल्यासारखं वाटतं, ते अशा मालीशनं सैल व्हायला मदत होते. दुखलं, लाल झालं तर थांबावं.

वण सपाट ठेवण्याच्या बाहेरच्या उपायांत तज्ज्ञ सर्वांत आधी सिलिकॉन सुचवतात. १९८० नंतर भाजलेल्या रुग्णांच्या वणांवर त्याचा वापर रूढ झाला. त्याची मऊ पट्टी किंवा जेल मिळतं. ते औषध कातडीत सोडत नाही. वणावर झाकण घालून तिथला ओलावा टिकवतं आणि त्यामुळं तंतू जास्त टाकायचा शरीराचा सपाटा मंदावतो. पट्टी दिवसातून किमान बारा तास, सलग दोन-तीन महिने वापरावी लागते. रोज धुऊन, वाळवून पुन्हा लावावी. उकाड्यात पुरळ आलं तर काही दिवस विसावा द्यावा. तिचा फायदा चमत्काराचा नसतो, माफक असतो, पण खरा असतो. वापरात खंड पडला तर मात्र पैसे वाया जातात.

ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून तेल लावणं खूप लोकप्रिय आहे. त्याचा उपयोग अभ्यासांत नीट दिसलेला नाही आणि काही जणींना त्यानं पुरळ उठतं. कांद्याच्या अर्काच्या मलमांचा पुरावाही कमकुवतच आहे. ज्यांच्या घरात पैसा मोजून खर्च होतो त्यांनी अशा बाटल्यांपेक्षा त्याच पैशाची अंडी आणि डाळ आणावी, वणाला ती जास्त लागू पडतात.

रंगाबद्दलही धीर धरावा. सावळ्या कातडीवर वण आधी गडद होतो, कारण जखमेच्या चेतावणीनं रंगपेशी जास्त रंग बनवतात. तो काही महिन्यांत फिका होत जातो. उभा वण साडीच्या वर, पोटावर उघडा पडत असेल तर उन्हात झाकून ठेवावा, उन्हानं गडदपणा टिकतो. भरताना खाज येणं नेहमीचंच असतं. खाजवण्याऐवजी तळव्यानं दाबावं किंवा थंड ओलं कापड ठेवावं.

वण उठला तर

भात निसवायच्या सुमारास, म्हणजे तीन-चार महिन्यांनी, वणाची वाट कुठं चालली आहे ते दिसू लागतं. काही वण छेदाच्या रेषेतच उंच, कडक, लाल राहतात. असा वण पुष्कळदा वर्ष-दीड वर्षात आपोआप बसतो. किलॉइड वेगळा. तो छेदाची हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीत पसरतो, खाजतो, दुखतो आणि आपोआप बसत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच त्वचातज्ज्ञ आलिबेर यांना त्याच्या कडा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या. किलॉइड हे नाव त्यावरूनच पडलं. गडद वर्णाच्या लोकांत तो जास्त दिसतो आणि घराण्यात चालत येतो. कान टोचल्यावर ज्या मुलीच्या कानाला गाठ आली असेल तिनं ऑपरेशनआधीच डॉक्टरांना ते सांगावं.

किलॉइडवर उपाय आहेत. ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन वणातच देतात, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं काही वेळा. लेसर, गोठवण्याचे उपचार यांचाही उपयोग होतो. नुसता कापून काढलेला किलॉइड मात्र बहुधा पुन्हा येतो, कधी पहिल्यापेक्षा मोठा होऊन, म्हणून जोडीला इतर उपचार लागतातच. अंगावर पाजत असाल तर ते आधी सांगावं. रुंद किंवा खोल गेलेला वण पुढच्या सिझरच्या वेळी डॉक्टर कापून काढू शकतात, त्यासाठी वेगळं ऑपरेशन लागत नाही.

वणाजवळ गाठ लागते आणि ती दर महिन्याला पाळीच्या आसपास सुजते, ठणकते, असं होत असेल तर वेगळंच कारण असू शकतं. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी ऑपरेशनच्या वेळी वणात अडकून तिथं वाढू लागतात. बायका वर्षानुवर्षं हे दुखणं ‘टाक्यांचं’ म्हणून सोसतात. सोनोग्राफीनं त्याचा शोध लागतो आणि उपचार होतो.

न दिसणारा वण

शेवटी सर्वांत महत्त्वाचा वण, गर्भाशयावरचा. त्याला मलम लागत नाही, पट्टी चालत नाही. त्याला फक्त वेळ देता येतो. बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत पुढची गर्भधारणा टाळावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि सिझरनंतर तर ती काटेकोर पाळावी. पाळी सुरू झाली नसली तरी दिवस जाऊ शकतात. म्हणून सहा आठवड्यांच्या तपासणीतच नवरा-बायकोनं मिळून साधन ठरवावं.

‘एकदा सिझर, म्हणजे कायम सिझर’ हे पूर्ण खरं नाही. गर्भाशयाच्या खालच्या भागावर एकच आडवा छेद असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर नैसर्गिक कळांचा प्रयत्न करणाऱ्या शंभर बायकांपैकी साठ ते ऐंशी जणी तसं बाळंत होतात. त्यात वण फाटण्याचा धोका सुमारे दोनशेत एक असतो, म्हणून तातडीचं ऑपरेशन होऊ शकेल अशाच रुग्णालयात हा प्रयत्न करावा. गर्भाशयावर उभा छेद असेल तर धोका बराच वाढतो आणि असा प्रयत्न करत नाहीत. प्रत्येक सिझरगणिक वार वणावर खोल रुजण्याचा धोकाही चढत जातो.

कातडीवरचा छेद आडवा आहे म्हणून आतलाही आडवाच असेल असं नाही. ते फक्त ऑपरेशनच्या नोंदीत लिहिलेलं असतं. म्हणून रुग्णालयातून मिळालेलं डिस्चार्ज कार्ड सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकं जपावं. गर्भाशयावर कुठला छेद घेतला ते त्यावर नसेल तर लिहून मागावं. पावसाळी घरात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावं आणि माहेरी बाळंतपण झालं असेल तर सासरी येताना बरोबर आणावं. पुढच्या खेपेला डॉक्टरांचा निर्णय त्या एका ओळीवर ठरू शकतो.

‘सिझर म्हणजे सोपं बाळंतपण’ असं म्हणणाऱ्या तोंडांनाही एक सांगणं आहे. पोटाचे इतके थर उघडून, शिवून घेऊन त्याच रात्री बाळाला छातीशी धरणारी बाई सोप्या वाटेनं आई झालेली नसते. तिला आपल्या वणाची लाज वाटावी असं त्यात काही नाही, आणि तो पुसट व्हावा असं तिला वाटत असेल तर त्यातही वावगं काही नाही.

पुन्हा मृग निघेल तेव्हा त्या घरातलं बाळ भिंतीला धरून पावलं टाकत असेल. आईच्या ओटीपोटावरचा वण तोवर फिका, मऊ आणि बोटांना जेमतेम लागेल असा झालेला असेल. मालीश, सिलिकॉन, खाणं या सगळ्याचा त्यात वाटा असेलच. पण ती रेघ बारीक राहिली असेल ती मुख्यतः गेल्या आषाढात तिच्याऐवजी दुसऱ्या कोणी तरी उचललेल्या हंड्यांमुळं.